कपाटातली रिकामी जागा

नवं कपाट घ्यायचं ठरलं ते एका मुलाच्या मरणानंतर.

सावरटोल्याच्या आरोग्य केंद्रात तालुक्याची सगळी सर्व्हर-मशीनं एका खोलीत ठेवलेली होती. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या कुठल्याही गावातून रुग्णवाहिकेसाठी फोन आला, की कुठली गाडी पाठवायची, कुठला रस्ता टाळायचा आणि रुग्णाला गाडीतच काय द्यायचं, हे ती मशीनं ठरवत. मागच्या मे महिन्यात ती तापून बंद पडली. एकही गाडी वेळेवर कुठे पोचेना. तेवढ्यात साप चावलेला एक मुलगा रस्त्याकडेला, बापाच्या मांडीवर गेला. चौकशी झाली, आणि तिच्यातून एवढंच निघालं की मशीनच्या खोलीत माणसं बसत होती.

माणसं बसत होती हे खरंच होतं. त्यांना बसू देणारी प्रणोती नाकाडे होती. केंद्राची सगळी यंत्रणा तिच्या हाती होती, आणि खोलीची किल्लीही.

जुना रॅक उघडा होता. चार उभे खांब, त्यांना आडवी बसवलेली मशीनं. दार नाही, बाजूचे पत्रे नाहीत. अशा रॅकमधलं प्रत्येक मशीन पुढून गार हवा ओढतं आणि मागून गरम हवा फेकतं. म्हणजे मशीन गार ठेवायचं तर अख्खी खोली गार ठेवावी लागते. विदर्भातला उन्हाळा आता होळीलाच सुरू होऊन जुलैपर्यंत लांबत होता, आणि गावात वीज दिवसातून थोडाच वेळ असायची. साऱ्या सावरटोल्यात अंगावर शाल घ्यावीशी वाटेल अशी ती एकच खोली होती. प्रणोतीची आई पुष्पकलाबाई एकदा डबा द्यायला आली आणि दुपारभर तिथेच बसून राहिली. मग नोंदणीच्या टेबलावरची रोशनी मडावी आपली खुर्ची घेऊन आली. मग बाळंतिणी आल्या, म्हातारे आले. ऊन लागलेले रुग्ण तर डॉक्टर चांदेकर स्वतःच पाठवू लागले. कुठल्याही नियमात हे नव्हतं. पण कुणी हरकतही घेतली नव्हती.

बसलेलं माणूस जुन्या काळच्या शंभर वॅटच्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकतं. त्यात श्वासाचा ओलावा, त्यात सारखं उघडणारं दार. खोलीच्या एसीने जेवढं जमलं तेवढं केलं, आणि एका दुपारी मान टाकली.

"कपाट तू निवड," केंद्राचे प्रमुख डॉक्टर चांदेकर तिला म्हणाले. "तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळत नाही. पण प्रणोती, पुन्हा हे होता कामा नये."

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक म्हणजे पुन्हा उघडा रॅक आणि खोलीला आणखी मोठा एसी. दुसरी म्हणजे बाजारात नुकतंच आलेलं थंड कपाट.

थंड कपाटाची करामत त्याच्या भिंतींत होती. भिंतींना आतून कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा लावलेला असे. त्याला विजेचा दाब दिला, की आतले रेणू प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे रांगेत येत आणि पडदा गरम होई. दाब काढला, की रेणू पांगत आणि पडदा गार पडे. गरम असताना त्याची उष्णता नळीतल्या द्रवाने वाहून न्यायची, गार असताना त्याच्याकडून मशीन गार करून घ्यायचं, आणि हे पुन्हा पुन्हा, न थांबता. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, घरघर नाही. उष्णता काही नाहीशी होत नसे. ती नळीवाटे इमारतीबाहेरच्या पात्यांपर्यंत जाई आणि तिथून हवेत. पण कपाटात वीस अंश राही, खोलीत कितीही असो. वीज लागे ती एसीच्या एक अष्टमांश.

हे वाचलं तेव्हा प्रणोतीला प्रथम आठवली ती भिंतीला टेकून बसलेली माणसं. मशीन आपलं आपण गार राहिलं, तर उरलेल्या विजेवर तीच खोली माणसांसाठी गार ठेवता येईल. आता राजरोस, बाकं टाकून, पाण्याचं पिंप ठेवून. तिने हे डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं. रोशनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपली हक्काची खोली होणार, ताई."

प्रणोतीने कपाट मोठ्या हौसेने निवडलं. आत बाराशे मिलिमीटर खोल, कारण नवी मशीनं लांब असतात आणि मागे केबलमध्ये हात घालायला जागा लागते. उंची पुरुषभर, कारण पुढेमागे मशीनं वाढणारच. दार काचेचं, म्हणजे आतले दिवे लांबूनही दिसतील. एरवी जड मशीनं तळाला बसवतात. पण नदीचं पाणी एका पावसाळ्यात या खोलीत गुडघाभर आलं होतं, म्हणून तिने ती वरच्या भागात बसवली आणि कपाट जमिनीला बोल्ट मारून पक्कं केलं. खालचा अर्धा भाग मोकळा राहिला. मध्ये पट्ट्या लावून तो वरच्यापासून बंद केला.

कपाट चालू झालं आणि आठवड्याभरात केंद्राची वीज कापली गेली. उन्हाळ्यात गारव्यासाठीची वीज वाटून मिळत असे. तिने वाटप कार्यालयात फोन लावला.

"मॅडम, ती वीज मशीनसाठी होती," पलीकडचा माणूस अगदी सौम्यपणे म्हणाला. "मशीनला आता तेवढी लागत नाही, असा अहवाल तुमच्याच सहीने आलाय."

"उरलेली आम्ही माणसांसाठी वापरणार आहोत. रुग्ण बसतात त्या खोलीत."

"माणसांसाठी गारव्याचं वाटप नसतं ना, मॅडम. मशीनसाठी असतं."

तिने अर्ज केले, चंद्रपूरला खेटे घातले. तोवर बँकेने थंड कपाट घेतलं, तहसीलने घेतलं, टपाल कार्यालयाने घेतलं. जिथे जिथे मशीनमुळे माणसांना गारवा मिळत होता, तिथून तो निघाला आणि कपाटात जाऊन बसला. खोलीतला एसी उतरवून नेला. बाहेरची गरम पाती मागच्या व्हरांड्याच्या भिंतीवर आली, तेव्हा रुग्णांचे नातेवाईक तिथे टेकायचे बंद झाले.

पुढचा मे आला. बंगालच्या उपसागरावरून ढग आले, दोन दिवस बरसले आणि निघून गेले. मग ऊन पडलं.

असल्या उन्हाचा धोका तापमानाच्या आकड्यात दिसत नाही. माणसाचं अंग घामाने गार होतं. घाम वाळतो, जाताना उष्णता घेऊन जातो. हवाच पाण्याने भरलेली असली, की घाम वाळत नाही. तो नुसता निथळतो. सावलीत बसा, पंखा लावा, पाणी प्या, अंगातली उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही, आणि धडधाकट माणूसही काही तासांत आतल्या आत शिजतं. त्या दिवशी सावरटोल्यात तशी हवा होती. सकाळीच गावाची वीज गेली. आणीबाणीच्या वाहिनीवर फक्त कपाट चालू राहिलं.

वॉर्डात माणसं ओल्या चादरींखाली पडली होती. बर्फ केव्हाच संपला होता. गाड्या गावोगाव पळत होत्या. कपाटातली मशीनं न चुकता त्यांना रस्ते सांगत होती. मशीनच्या खोलीत सवयीने आलेल्या दोघीच उरल्या होत्या, पुष्पकलाबाई आणि रोशनी. रोशनीला सातवा महिना होता. पुष्पकलाबाई पाणी आणायला म्हणून झटक्यात उठल्या आणि भिंतीला घसटत खाली आल्या.

प्रणोतीने हाक मारली. आईने डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर चांदेकर आले, त्यांनी नाडी पाहिली. "थंडावा हवा. लगेच," ते म्हणाले, "आणि तो माझ्याकडे नाही." मग त्यांची नजर प्रणोतीच्या नजरेच्या मागोमाग कपाटाकडे गेली.

खालचा अर्धा भाग. गुडघे पोटाशी घेतले तर एक माणूस बसेल. उघडं ठेवता येणार नव्हतं; दमट हवा आत गेली की गार भिंतींवर दव धरणार, आणि वर शंभरावर गावांच्या रुग्णवाहिका चालवणारी मशीनं. तळाची केबलची झाकणं काढली तर श्वासापुरती हवा येईल.

"अर्धा तास एकीला, मग अदलाबदल," डॉक्टर म्हणाले. "फार वेळा उघडू नकोस." आणि ते वॉर्डकडे धावले.

"आधी मावशींना घ्या, ताई," रोशनी म्हणाली. "मी बसते तोवर."

दोघींनी मिळून म्हातारीला आत सरकवलं. रोशनीने तिची पावलं उचलून आत ठेवली, पदर दारात अडकणार नाही असा खोचला. दार लागलं. रोशनी कपाटाशेजारी फरशीवर बसली आणि पातळाच्या टोकाने मान पुसत राहिली. पुसलेली जागा लगेच ओली होत होती.

अर्धा तास झाला. प्रणोतीने काचेतून आत पाहिलं. आईची मान कलती होती, पण ओठांना रंग आला होता.

"उठल्या का?" रोशनीने विचारलं.

"नाही अजून. अशीच बाहेर काढली तर पुन्हा..." प्रणोतीने वाक्य अर्धवट सोडलं. "आणखी थोडा वेळ. चालेल ना तुला?"

"चालेल."

थोड्या वेळाने रोशनीला उलटी झाली. तोंड पुसून ती म्हणाली, "बाळ फार हलून राहिलंय, ताई." आवाज जड झाला होता, जीभ अडखळत होती. प्रणोती उठली. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि पुन्हा आत पाहिलं.

आईच्या पापण्या हलल्या. डोळे किलकिले झाले, काचेपलीकडच्या लेकीच्या चेहऱ्यावर क्षणभर स्थिरावले, तिच्या मागे फरशीवर बसलेल्या रोशनीकडे गेले. मग ते मिटले. झोपेत मिटतात तसे नाहीत; घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके घट्ट.

प्रणोतीचा हात मुठीवर होता. मूठ फक्त खाली दाबायची होती.

"उठल्या का?" रोशनीने पुन्हा विचारलं.

"नाही," प्रणोती म्हणाली.

त्यानंतर रोशनीने काही विचारलं नाही. तिचं अंग कोरडं पडलं, घाम थांबला, आणि ती कुणाला तरी भात उतरवायला सांगू लागली. तेव्हा प्रणोतीने दार उघडलं, आईला दंडाला धरून ओढून काढलं, रोशनीला आत घातलं, डॉक्टरांच्या नावाने ओरडली. रोशनी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. बाळ तिच्या आधी गेलं होतं.

नवरा सुखदेव ट्रॅक्टर घेऊन परगावी गेला होता. तो आला तेव्हा पुष्पकलाबाई बाकावर बसून कपातून साखरपाणी पीत होत्या.

"ती यात बसली होती का?" त्याने कपाटाकडे पाहत विचारलं.

"शेवटी बसवली," प्रणोती म्हणाली.

"आधी जागा नव्हती का?"

"एकाचीच होती."

त्याने समजल्यासारखी मान हलवली. कोण बसलं होतं हे त्याने विचारलं नाही. पुष्पकलाबाईंनी कप खाली ठेवला आणि तो पुन्हा उचलला.

डॉक्टर चांदेकरांनी वर कळवलं, की दोन रुग्णांपैकी एकाला वाचवण्यात यश आलं. कपाटाच्या कंपनीतून फोन आला तो अभिनंदनाचा. माणूस बसूनही आतलं तापमान एका अंशानेही ढळलं नव्हतं. त्यांनी त्याला 'मानवी भार' असं नाव दिलं, आणि हिवाळा सरेपर्यंत खाली बैठक असलेलं कपाट बाजारात आलं. केंद्राच्या समितीने ते घ्यायचं ठरवलं आणि निवडीचं काम पुन्हा प्रणोतीकडे दिलं.

"दार काचेचं नको, पत्र्याचं द्या," तिने कंपनीच्या माणसाला सांगितलं.

"काचेतून आतल्या माणसावर लक्ष ठेवता येतं, मॅडम."

"लक्ष मशीन ठेवेल. मला आत बघायचं नाही."

आणखी एक गोष्ट तिने मागितली. बसायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधायचा. अंगाचा ताप, नाडी, घाम, सगळं मशीन वाचेल आणि आत कुणाला बसवायचं ते सांगेल.

"कशावरून ठरवायचं त्याने?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाहेर ठेवलं तर जो आधी मरेल, तो आत."

"म्हणजे तुला निवडायला नको."

"कुणालाच नको, सर."

डॉक्टर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "तुझी आई आली तर?"

"पट्टा बांधेन," ती म्हणाली.

घरी दोघी त्या दुपारबद्दल कधी बोलल्या नाहीत. आई स्वयंपाक करायची, लेक जेवायची. आईने केंद्रात डबा आणणं सोडलं होतं, आणि बाजारात जाताना मडावींच्या घरावरून न जाता तळ्याच्या बाजूने वळसा घालून जायची. प्रणोतीने एकदाही विचारलं नाही, की एवढी लांबून का जातेस.

मग तसाच दमट दिवस पुन्हा आला. दुपारी आई केंद्राच्या दारात उभी राहिली. चेहरा काळवंडला होता. "घरात जीव ऱ्हात नाई," एवढंच बोलून ती फरशीवर बसली. प्रणोतीने तिच्या मनगटावर पट्टा बांधला. खोलीत बरीच माणसं होती. वीटभट्टीवरचा एक जवान गडी भिंतीला टेकून शेजाऱ्याशी हसत बोलत होता. मशीनच्या पडद्यावर त्याचं नाव आलं. देवाजी.

"त्याले काय झालं?" आई म्हणाली. "चांगला तर बोलून ऱ्हायला."

"मशीन म्हणतं, तासाभरात तो पडेल."

"आन् मी?"

प्रणोतीने पडदा पाहिला. "तू संध्याकाळपर्यंत काढशील."

"मले गरगरते, पोरी."

"ओली चादर देते. पडून राहा, एकदम उठू नकोस."

आईने तिचं मनगट धरलं. म्हातारीची पकड होती, पण नखं रुतली. "मले बसव," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "तुह्याजवळ किल्ली हाय. मी तुही माय हाय. बसव मले."

प्रणोतीजवळ किल्ली खरंच होती. मशीनचं म्हणणं बाजूला सारायला एक बटण पुरे होतं, आणि कुणी जाब विचारला नसता. तिने आईची बोटं एकेक करून सोडवली. देवाजीला उठवलं, तो "मले काई झालं नाई" म्हणत होता आणि त्याचे पाय वाकडे पडत होते. त्याला आत बसवून तिने पत्र्याचं दार लावलं. मागे वळली तेव्हा आई तिच्याकडेच पाहत होती. त्या नजरेत राग असता तर प्रणोतीला बरं वाटलं असतं. भीती होती.

सारी दुपार आई ओल्या चादरीखाली पडून होती. मधून मधून ती कण्हायची, लेकीला नावाने हाक मारायची. प्रणोती चादर भिजवून पांघरायची, ओठांना पाणी लावायची आणि दुसऱ्याकडे जायची. आई आणखी किती वेळ काढेल, तो पडद्यावरचा आकडा सावकाश खाली येत होता. मशीनने सांगितलं होतं तसा, तेवढाच. आत देवाजी बसला, मग एक मुकी बाई, मग पुन्हा देवाजी. आईचं नाव आलं नाही.

ऊन कललं. नदीकडून वारा सुटला तेव्हा आई आपली आपण उठून बसली. तिने चादर पिळून दोरीवर टाकली, पदर सारखा केला, पट्टा काढून लेकीच्या हातात दिला.

"मेली नाई मी," ती म्हणाली.

"नाही."

"मांगच्या साली बी मेली नसती."

आई तेव्हा बाहेर राहिली असती तर जगली असती का, हा हिशेब प्रणोतीला मशीनकडून कधीही करून घेता आला असता. मागच्या वर्षीची त्या दुपारची सगळी हवा त्याला ठाऊक होती. वर्षभर तिने तो विचारला नव्हता. आता विचारायची गरजच उरली नव्हती.

दोघी घरी निघाल्या. तळ्याकडे वळायची जागा आली, पण आई वळली नाही. ती सरळ चालत मडावींच्या अंगणापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. सुखदेव ओट्यावर एकटाच बसला होता. ती काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच तो लगबगीने उठला.

"मावशी, अशा उन्हातून आल्या? बसा, बसा आधी."

त्याने आतून गार पाण्याचा तांब्या आणला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. प्रणोती फाटकातच थांबली होती. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग तांब्या तोंडाला लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.